‘सहा सत्रे घेतली’ म्हणजे नेमके काय केले?

रानभाजी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होते. आज पाऊस धो धो, वीज दोनदा जाऊन आली, म्हटले लिहूनच टाकू.

मी डिचोली तालुक्यात एका छोट्या संस्थेत काम करते. आठवी-नववीच्या मुलांसाठी काहीतरी करायचे आमच्याकडे गेल्या वर्षी ठरले. परीक्षेची भीती, घरातली भांडणे, मोबाईल. ‘टेन्शन’ हा शब्द तर हल्ली मुलांच्या तोंडी धड्याच्या नावाआधी येतो. आपल्या मनाने काही रचण्यापेक्षा कुठेतरी नीट तपासून पाहिलेले घ्यावे म्हणून शोधायला लागले. परदेशातल्या एका ट्रायलचा पेपर मिळाला. चिठ्ठ्या टाकून शाळा दोन गटांत वाटलेल्या, निकाल चांगला, जर्नल नावाजलेले. हुरूप आला.

मग कार्यक्रमाचे वर्णन शोधले. ते एवढेच: प्रशिक्षित मार्गदर्शकांनी समस्या सोडवण्याच्या कौशल्यांवर दर आठवड्याला एक अशी सहा सत्रे घेतली. संपले. दीड ओळ! आकडेशास्त्राला मात्र दोन पाने. लग्नपत्रिकेत मुहूर्त मिनिटासकट छापलाय आणि हॉलचे नावच नाही, तसे वाटले.

मार्गदर्शक म्हणजे त्याच शाळेचे शिक्षक की बाहेरून आलेले? प्रशिक्षण दोन दिवसांचे की दोन महिन्यांचे? एका वेळी मुले किती? सत्र अर्ध्या तासाचे की दीड तासाचे? तिसऱ्या सत्राला न आलेल्या मुलाचे काय केले? लेखकांना मेल केला. उत्तर नाही. महिन्याने परत केला, तेव्हा ‘मॅन्युअलची सुधारणा सुरू आहे’ असे एका ओळीत आले. मग काय, उरलेले सगळे आम्ही आमच्या डोक्याने भरले. सहा सत्रे झाली, चहा-बिस्किटे झाली, आणि शेवटी मुलांत काही फरक पडला की नाही ते कुणालाच सांगता येईना. मूळ कार्यक्रम आमच्याकडे चालला नाही, की आम्ही केला तो मूळ कार्यक्रमच नव्हता?

हा राग काढत असताना कळले की असे अहवाल कसे लिहावेत याची एक यादीच २०१८ साली निघाली आहे, खास सामाजिक आणि मानसिक उपायांच्या चाचण्यांसाठी. जाणकारांनी समजावून सांगावे. आणि तुमच्यापैकी कुणी असल्या चाचण्यांत काम केले असेल, या बाजूने नाहीतर त्या बाजूने, तर तेही लिहा.

---

तिसवाडीकर

वाचले. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्याकडे आधीच कामापेक्षा फॉर्म जास्त. आता मुलांशी बोलायचे म्हटले तरी यादी? माणूस चांगला असला की पोरे बोलतात, नसला की नाही. ते कागदावर येत नाही.

---

आकडेमोड

तिसवाडीकरबाब, ‘माणूस चांगला असला की’ हेच तर कागदावर यायला हवे. तो चांगला म्हणजे कसा, कुठून आणला, किती शिकवला, आणि दोन्ही गटांना तोच होता की एकाला चांगला आणि दुसऱ्याला उरलेला.

रानभाजीताई, मी फोंड्याला कॉलेजात आकडेशास्त्र शिकवतो, म्हणजे तुम्हाला राग आलेली ती दोन पाने लिहिणाऱ्या जमातीतला. जरा इतिहास सांगतो.

औषधांच्या चाचण्या कशा मांडाव्यात याची ‘कन्सॉर्ट’ नावाची यादी १९९६ मध्ये आली. २००१ आणि २०१० मध्ये ती सुधारली. २०१० च्या आवृत्तीत २५ मुद्दे होते, २०२५ मध्ये पुन्हा नवी केली तेव्हा ३० झाले. या यादीचा पिंड गोळीचा. गोळी कुणीही दिली तरी गोळीच राहते. समुपदेशन तसे नाही, तिथे देणारा हाच अर्धा उपाय. म्हणून सामाजिक आणि मानसिक उपायांसाठी वेगळी जोडयादी केली: कन्सॉर्ट-एसपीआय. आधी ऑनलाइन फेऱ्यांत ३८४ जणांची मते घेतली, मग ३१ जणांनी बैठकीत बसून खल केला आणि २०१८ मध्ये ती छापली. जुन्या २५ पैकी ९ मुद्दे त्यांनी वाढवले आणि एक अगदी नवा घातला.

वाढवलेले काय, तर तुम्ही विचारताय तेच. उपाय देणारे कोण, त्यांची निवड कशी केली, कोण कुठल्या गटाला दिला. ठरवले होते तेवढे प्रत्यक्षात दिले गेले का, आणि लोकांनी घेतले का. सहा सत्रे ‘ठेवली’ आणि सहा सत्रे ‘झाली’ यात किती अंतर असते ते मी सांगायला नको. मॅन्युअल, तक्ते वगैरे साहित्य कुठे मिळेल. हा उपाय कुठल्या वाटेने काम करेल असे आधी वाटले होते. चिठ्ठी टाकण्याआधी किती जणांना विचारले, किती नाही म्हणाले, का. लोकांची आर्थिक-सामाजिक परिस्थिती. आणि नवा मुद्दा: हा उपाय ज्याने शोधला त्याचाच चाचणीत हात होता का, आणि ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्यांना कुणी काही विचारले का.

तुमचा अनुभव एकट्याचा नाही. २०१३ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलात एक पाहणी आली होती. औषध नसलेले १३७ उपाय तपासले, तर पेपर वाचून पुन्हा करता येतील असे फक्त ५३ निघाले. म्हणजे ३९ टक्के. लेखकांना मेल करकरून तो आकडा ५९ टक्क्यांवर गेला. बाकीच्यांचे मॅन्युअल अजून सुधारतच असेल.

---

कुळागर

अवांतर आहे, पण राहवत नाही. ‘इंटरव्हेन्शन’ला मराठीत हस्तक्षेप कुणी केले? नवरा-बायकोच्या भांडणात सासू करते तो हस्तक्षेप. ‘मानसशास्त्रीय हस्तक्षेप’ ऐकून कोण दार उघडेल? रानभाजींनी ‘उपाय’ लिहिलेय ते बरे. तसेच ‘यादृच्छिकीकरण’. म्हणताना जीभ घसरते. चिठ्ठ्या टाकल्या म्हणा, आमच्या आजीलाही कळेल.

आणि खरा आक्षेप ‘लाभार्थी’ या शब्दावर. आपल्या संस्थांचे अहवाल उघडा: ‘एकूण लाभार्थी इतके’. अहो, लाभ झाला की नाही ते बघायलाच तर चाचणी! आधीच लाभार्थी म्हणून टाकले, मग मोजायचे काय राहिले?

---

रानभाजी

कुळागर, 😀. आमच्या अहवालात पहिल्याच पानावर ‘लाभार्थी’ आहे. बोल्ड टाइपात.

---

पावसाळी_डॉक्टर

या विषयात गोव्याने जगाला काही दाखवले आहे आणि आपल्यालाच ठाऊक नसते, म्हणून लिहितो.

पर्वरीची ‘संगात’ ही संस्था १९९६ पासून काम करते. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांची ‘मानस’ नावाची ट्रायल २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलात आली. गोव्यातली २४ ठिकाणे घेतली, १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खाजगी जीपींचे, म्हणजे फॅमिली डॉक्टरांचे, दवाखाने. चिठ्ठ्या माणसांच्या नाही, ठिकाणांच्या टाकल्या. अर्ध्या ठिकाणी शिकवून तयार केलेले, डॉक्टर नसलेले समुपदेशक बसवले. उदासी-चिंतेचा त्रास असलेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती बरे झाले हे पाहिले.

आता मजा बघा. सरकारी केंद्रांत समुपदेशक होते तिथे ६५.९ टक्के बरे झाले, नव्हते तिथे ४२.५. खाजगीत समुपदेशक होते तिथे ६४.१ आणि नव्हते तिथे ६५.९. म्हणजे खाजगी दवाखान्यात काहीच फरक नाही. दोन्ही मिळून एकच आकडा छापून टाळ्या घेता आल्या असत्या. त्यांनी दोन्ही बाजू वेगवेगळ्या मांडल्या. म्हणून आज मला त्यावर विचार करता येतो. माझे स्वतःचे मत असे की आपल्याकडे जीपी म्हणजे घरातलाच माणूस. त्याला तुमच्या जावयाची नोकरी गेलेलीही माहीत असते, तो बोलून अर्धे काम करून टाकतो. सरकारी ओपीडीत डॉक्टर मान वर करीपर्यंत पुढचा केसपेपर समोर येतो. तिथे बोलायला एक माणूस बसवला की फरक पडणारच.

पुढे त्यांनी उदासीसाठी ‘हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ तपासला. गोव्यातली १० आरोग्य केंद्रे, ४९५ माणसे. सहा ते आठ बैठका, आठवड्याला एक, प्रत्येकी तीस-चाळीस मिनिटे, घरी नाहीतर केंद्रात. तीन महिन्यांनी बरे झालेले ६४ टक्के विरुद्ध ३९ टक्के. दारू जास्त पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर वेगळी ट्रायल, जास्तीत जास्त चार बैठका. तिथला फरक लहान, ३६ विरुद्ध २६. दोन्ही लॅन्सेटमध्ये. समुपदेशकांची मॅन्युअल्स नेटवर फुकट आहेत. ताई, दीड ओळीच्या पेपरमागे कशाला गेलात, पर्वरी डिचोलीहून कितीशी लांब?

---

रानभाजी

डॉक्टर, ती मोठ्या माणसांसाठी आहेत, मला मुलांसाठी हवे होते. पण मॅन्युअल काल रात्री उतरवून घेतले. त्यात समुपदेशकाने पहिल्या भेटीत काय म्हणायचे इथपासून आहे. डोळे उघडले.

---

पावसाळी_डॉक्टर

मुलांचे हवे तर बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातली ‘सेहेर’ बघा, २०१८, लॅन्सेट. ७४ शाळा. एकच कार्यक्रम, काही शाळांत बाहेरून नेमलेल्या समुपदेशकाने राबवला, काहींत शिक्षकाने. समुपदेशकवाल्या शाळांत वातावरण सुधारले, शिक्षकवाल्यांत नाही. ‘प्रशिक्षित मार्गदर्शक’ एवढेच लिहून सोडले असते तर हा फरक पुरून गेला असता.

---

तिसवाडीकर

बरे, हे पटले. माझी बायको शिक्षिका आहे. निवडणूक, जनगणना, सर्व्हे, मध्यान्ह आहार, वर हे! चालणार कसे? पण मग शिक्षकाने का जमले नाही तेही लिहिले पाहिजे ना. ‘शिक्षक कमी पडले’ असे नको.

---

मीठगर

मी इथे सहसा लिहीत नाही, नुसती वाचते. पण विषय माझ्या पोटाचा आहे. मी काही वर्षे अशा कामांत फॉलोअपला घरोघर जायचे. कुठल्या कामात, कुणाच्या, ते सांगणार नाही.

पेपरात एक चौकट असते, बाण खाली-खाली जातात. इतके विचारले, इतके आले, इतके ‘संपर्काबाहेर गेले’. त्या शेवटच्या चौकटीत मी उन्हातान्हात फिरलेली आहे. संपर्काबाहेर म्हणजे काय ते सांगते. एक बाई तीन बैठकांना आली, चौथ्यापासून बंद. घरी गेले तर सासू दारात: ‘ती न्हय घरांत.’ आत भांड्यांचा आवाज येतोय. दुसरा एक जण जहाजावर गेला. दर्यावर्दी माणूस, सहा-आठ महिने दिसणार नाही. तो काही उपायाला कंटाळला नव्हता. तिसरीकडे शेजाऱ्यांना वाटले मी कर्जवसुलीवाली. आणि एकाने सरळ सांगितले, मी बरा झालो, आता परत ते प्रश्न विचारून आठवण कशाला करून देता?

या चौघांना एका चौकटीत घातले की झाले ४ संपर्काबाहेर. मी कारणे लिहून द्यायचे, वहीत. वही कपाटात गेली. अहवालात एकच शब्द. एका वरिष्ठांना विचारले तर म्हणाले, जागा नसते. जागा नसते म्हणजे! नकाशाला अर्धे पान दिले होते.

आणि प्रश्नावलीबद्दल. ‘पीएचक्यू-९’ ही उदासी मोजायची प्रश्नावली, तिच्यात नऊ प्रश्न. मागच्या दोन आठवड्यांत किती दिवस असे वाटले, असे विचारायचे. कागदावर सोपे. पण ‘कामात रस वाटत नाही’ विचारले की बाई हसते, ‘धुणी-भांड्यांत कसला रस गो बाय?’ आता टिक कुठे करू? आम्ही कुठल्या भाषेत विचारले, मराठी की कोंकणी, समजले नाही तर आमच्या शब्दांत परत सांगितले का, हेही लिहायला पाहिजे. दोन मुली दोन प्रकारे विचारत असतील तर आकडा दोन प्रकारचा येणार.

---

आकडेमोड

मीठगरबाय, हा प्रतिसाद मी माझ्या वर्गात वाचून दाखवणार, हरकत नसेल तर.

---

मीठगर

दाखवा. नाव मात्र मीठगरच ठेवा.

---

निवृत्त_मास्तर

मंडळी, पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे. हात पसरून उभा, समोर कोसळणारी बाई. पर्यटक तिथे फोटो काढतात आणि बरेचसे त्याला राक्षस समजतात. कांदोळीचा माणूस, जन्म १७५६, पाद्री आणि संमोहनाचा (हिप्नॉटिझमचा) जाणकार. या धाग्याचा मूळपुरुष आहे तो, पटवून देतो.

पॅरिसमध्ये मेस्मर नावाचा वैद्य सांगायचा की माणसांत एक चुंबकी द्रव वाहतो, तो मी वळवतो आणि रोग बरे करतो. १७८४ मध्ये सोळाव्या लुईने चौकशी मंडळ बसवले, त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए. मेस्मरचा शिष्य देस्लों याने फ्रँकलिनच्या बागेतले जर्दाळूचे एक झाड ‘भारून’ दिले. बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांना पट्टी बांधून त्याला एकेका झाडाला मिठी मारायला लावली. चौथ्या झाडापाशी पोर बेशुद्ध पडले. भारलेले झाड ते नव्हतेच! डोळ्यांवरची पट्टी म्हणजे काय हे जगाने तिथे पाहिले, आणि तेही गोळीवर नव्हे, तुमच्या मानसिक उपायावर. मंडळाने निकाल दिला: द्रव नाही, कल्पना आहे. पुढे १८१३ पासून आपला फारिया पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करू लागला. त्याने तेच उलट्या बाजूने धरले, की द्रव नसेना का, पण कल्पनेची ताकद तरी खरी ना? ती झोपणाऱ्याच्या मनात असते, झोपवणाऱ्याच्या हातात नाही.

आता दंतकथा. लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि शब्द फुटेना. खाली बसलेल्या बापाने आपल्या भाषेत कुजबुजले, ‘ही सगळी भाजी. कातर रे भाजी!’ आणि पोरगा धडाधड बोलला. गोव्यात हे प्रत्येकाला पाठ आहे.

आकडेमोड, तुमच्या यादीला लावा. उपाय देणारा कोण: बाप. प्रशिक्षण: नाही. मात्रा: एकदा, हळू आवाजात. साहित्य: काही नाही, भाजीसुद्धा खरी नव्हती. काम करण्याची वाट: समोरचे दरबारी नसून दोडकी आहेत असे समजणे. भाषा: राणीला न कळणारी, आणि हा मुद्दा महत्त्वाचा! पोर्तुगीजमध्ये म्हटले असते तर बापलेक दोघे तुरुंगात. तुलना गट: नाही. मामाने कुजबुजले असते तर चालले असते का? अहवालात नोंद नाही. तरी अडीचशे वर्षे आपण तो उपाय मुलांना सांगतोय, भाषणस्पर्धेच्या आधी. मी स्वतः सांगितलाय. काही पोरे हसली, काही आणखी घाबरली.

---

कुळागर

मास्तर, दंडवत. 🙏

---

आकडेमोड

मास्तरांनी पट्टी काढलीच आहे तर तोच धागा पुढे ओढतो. गोळीत पट्टी बांधता येते, साखरेची गोळी दिसायला तशीच करता येते. समुपदेशनात समोरच्याला कळतेच की आपल्याशी कुणीतरी बोलतेय. म्हणून एसपीआय यादीत ‘अंधत्व’ (कुणाला कुठला उपाय मिळतोय हे लपवणे) हा मथळा न ठेवता कुणाला कुठला गट माहीत होता, ते विचारले आहे. सहभागींना माहीत असणार, चालेल. पण शेवटी गुण मोजायला जाणाऱ्याला माहीत होते का? मीठगरबाय, तुम्हाला सांगायचे का कोण कुठल्या गटात?

दुसरे, न छापलेले. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या पैशावर १९७२ ते २००८ या काळात उदासीवरच्या मानसोपचाराच्या ५५ चाचण्या मंजूर झाल्या. त्यातल्या १३ कधी छापल्याच गेल्या नाहीत. कुणीतरी २०१५ मध्ये त्यांचे आकडे शोधून मिळवले आणि मिसळले, तर परिणामाचा आकार, म्हणजे उपचाराने किती फरक पडला त्याचे माप, ०.५२ वरून ०.३९ वर उतरला. पाव भाग गेला. उपचार निरुपयोगी ठरला नाही, फुगवटा तेवढा उतरला. यासाठी आधी नोंदणी: काय मोजणार ते सुरुवातीलाच जाहीर करायचे. भारतात सीटीआरआय ही चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे, फुकट आहे. औषधांना ती २००९ पासून सक्तीची झाली. शाळेतल्या कार्यक्रमाला कुणी सक्ती करत नाही, पण नोंदवायला कुणी नकोही म्हणत नाही.

---

मीठगर

आम्हाला सांगायचे नाहीत. पण बायका स्वतःच सांगायच्या, ‘ती तुमची दुसरी मुलगी येते ना, ती चांगली बोलते.’ झाले, कळलेच. हे घडले असे आम्ही लिहून द्यायचो. पुढे काय झाले माहीत नाही.

---

तिसवाडीकर

एक शंका. नुसते बोलणेच तर आहे. औषधाने पोट बिघडेल, बोलण्याने काय वाईट होणार? मग एवढा हिशेब कशाला?

---

पावसाळी_डॉक्टर

होते वाईट. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ मध्ये सुरू झालेला एक प्रयोग आहे, केंब्रिज-सॉमरव्हिल. ५०६ मुलगे. निम्म्यांना समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरे, वर्षानुवर्षे. निम्म्यांना काही नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्डबाईंनी सगळ्यांना शोधून काढले आणि १९७८ मध्ये छापले. मदत मिळालेल्यांत पुन्हा गुन्हा करणारे जास्त, दारूची लक्षणे जास्त, मरणारेही तुलनेने लवकर. आणि ऐका, मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश म्हणत होते की आम्हाला फायदा झाला!

शेवटच्या दिवशी ‘कार्यक्रम आवडला का’ असा फॉर्म भरून घेऊन जे अहवाल होतात, ते मी हे वाचल्यापासून बाजूला ठेवतो.

---

तिसवाडीकर

बाप रे. गप्प बसतो.

---

खाजन

एमएसडब्ल्यूला आहे, प्रबंधासाठी छोटी चाचणी करायची आहे. एकाच शाळेच्या अ आणि ब तुकडीत चिठ्ठी टाकली तर चालेल का? सर म्हणतात चालेल.

---

आकडेमोड

दोन्ही तुकड्या एकाच बसने घरी जात असतील तर नाही. अ ला सांगितलेले संध्याकाळपर्यंत ब ला कळते. ‘मानस’मध्ये ठिकाणांच्या चिठ्ठ्या टाकल्या त्याचे हेच एक कारण. शाळाच वेगवेगळ्या घ्या. तेवढ्या शाळा मिळत नसतील तर तुकड्याच घ्या, पण बस एक होती असे लिहा. लपवलेली खोट सरांना दिसणार नाही, पुढच्याला मात्र बुडवेल.

---

रानभाजी

मंडळी, दहा दिवसांनी परत आले. चतुर्थीची तयारी, गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या फळा-पानांची शोधाशोध, घरात पाहुणे, म्हणून उशीर.

मीठगरबायचा प्रतिसाद वाचल्यापासून झोप नव्हती. गेल्या वर्षीचा आमचा अहवाल काढला. त्यात वाक्य आहे: ‘बहुतांश लाभार्थ्यांनी सर्व सत्रे पूर्ण केली.’ माझेच वाक्य. हजेरीच्या वह्या काढून मोजत बसले. आमच्या दोन शाळांपैकी एकीत ते खरे आहे. दुसरीत तिसऱ्या सत्रानंतर निम्म्याहून जास्त मुली नाहीत. मुलगे आहेत. दोन्ही शाळा मिळवल्या की ‘बहुतांश’ होते, म्हणून मी तसे लिहिले होते. खोटे लिहिले असे नाही. पण डॉक्टरांनी सांगितलेले सरकारी-खाजगीचे आकडे आठवले आणि लाज वाटली.

आम्ही बैठकीत तेव्हा म्हटले होते की त्या गावातल्या मुलींना विषयच आवडला नसेल, ‘भावना’ वगैरे बोलायला लाजतात. मी मान हलवली होती.

काल त्या शाळेच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अगो, तुमचे सत्र शाळा सुटल्यावर. मधल्या काळात दुपारची कदंबा (सरकारी बस) बंद झाली, पुढची थेट संध्याकाळी. मुलांना कुणीतरी बाईकवर बसवून नेते, नाहीतर ते चालत जातात. मुलींना घरचे थांबू देत नव्हते. दोघी जणी तर बाईंकडे रडल्या होत्या, आम्हाला यायचे आहे म्हणून.

हे कुणी मला तेव्हा सांगितले नाही. मीही विचारले नव्हते.

अहवाल परत लिहायला घेतला आहे. ‘लाभार्थी’ काढले. दोन शाळा दोन रकान्यांत. मार्गदर्शक कोण: मी आणि आणखी एक, प्रशिक्षण दीड दिवस, तेही नेटवरून. एका सत्राची वेळ ठरली ४५ मिनिटे, प्रत्यक्षात २५ ते ५०. पेपरात नव्हते ते आम्ही कुठे-कुठे मनाने भरले त्याची एक यादी. आमच्या अध्यक्षांना पटलेले नाही, देणगीदार काय म्हणतील म्हणतात. उद्या बसून बोलायचे आहे.

आकडेमोडबाब, त्या बाणांच्या चौकटीत ‘बस बंद झाल्यामुळे’ असे लिहिले तर चालते का, की त्याला काही शास्त्रीय शब्द आहे?

---

आकडेमोड

‘बस बंद झाल्यामुळे’ असेच लिहा. कुठली बस, किती वाजताची, तेही.

---

मीठगर

आणि त्या दोघी रडल्या ते.